पेवासारखी लिंपलेली पेटी

पुसेगावचे उकंडराव दूध पिण्याआधी ते मांजराला पाजून बघत नसत, एवढीच काय ती कसर राहिली होती. बाकी जगात कशावर त्यांचा विश्वास म्हणून नव्हता. सालदाराला ताप आला तर त्याच्या कपाळाला स्वतः हात लावून बघत. बाजारातून आणलेल्या मिठाच्या पुडीचा दोरा सैल दिसला की पुडी परत. घरातल्या तेरा कुलपांच्या तेरा चाव्या त्यांच्या करगोट्याला असायच्या आणि ते चालायला लागले की बैलगाडी आल्यासारखा खुळखुळाट व्हायचा. त्यांची बायको नर्मदाबाई म्हणायची, "आवं, चोराला पळायला येळ मिळावा म्हनून वाजवत फिरता का?"

अशा माणसाच्या घरी वीज आली, आणि वीज ही डोळ्यांना न दिसणारी वस्तू. मग काय विचारता!

घराच्या मागच्या अंगाला त्यांची पिठाची गिरणी होती. दिवसभर तेलाचं इंजन दळण दळायचं आणि दळता दळता एका लहान पट्ट्यावर डायनामो फिरवायचं. डायनामोची वीज चार बॅटऱ्यांत साठायची. दिवेलागणीला इंजन बंद झालं की त्या साठ्यावर घरातले सहा दिवे आणि ओसरीवरचा रेडिओ चालायचा. जमिनीत पेव खणून त्यात ज्वारी भरावी, तोंड लिंपावं आणि वर्षभर काढून खावी, तसलीच ही सोय आहे, असं उकंडरावांनी मनाशी पक्कं धरलं होतं. सगळं घोडं तिथंच अडलं.

इंजन सांभाळायला हरिचंद होता. कोसभरावरच्या तांड्यातला, तिशीचा, कमी बोलणारा माणूस. लढाईच्या काळात तो सिकंदराबादेला फौजेच्या मोटारींच्या कारखान्यात होता. इंजनाला काय दुखतं ते नुसत्या आवाजावरून सांगायचा. तांड्यातल्या माणसानं एवढं शिकावं, हीच गोष्ट उकंडरावांना मुळात संशयास्पद वाटायची. शिकला तर शिकला, पण मग मोठ्या शहरात राहायचं सोडून हा इथं काहून आला?

साल अठ्ठेचाळीस. निजामाचं राज्य अजून उभं होतं आणि पूर्वेला, कनेरगाव नाक्यापलीकडे, निजामाविरुद्ध लढायला सरहद्द ओलांडून गेलेल्या पोरांचे कॅम्प होते. शिमग्यानंतर सालदार सोनाजी नाक्यावरून बातमी घेऊन आला. बातमीत तिखटमीठ लावण्यात सोनाजीचा हात कुणी धरू शकत नसे. तो म्हणाला, "मालक, त्या पोरायकडं बिनतारी यंत्र हाय म्हनत्यात. त्याला बॅटरी लागती. अन बॅटऱ्या इकडून भरून जात्यात. कोन भरतंय, द्येव जाने."

उकंडरावांच्या मनात पाल चुकचुकली. दुसऱ्याच दिवशी त्यांनी सुताराकडून सागवानी पेटी करून घेतली. गिरणीच्या मागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ती ठेवली, चारही बॅटऱ्या आत बसवल्या, झाकण लावून कुलूप ठोकलं. तारा जायच्या भोकात कापूस कोंबला. एवढ्यानं समाधान होईना, म्हणून पेव लिंपतात तशी झाकणाची फट माती, शेण आणि भुसा कालवून चहूबाजूंनी लिंपून काढली आणि ओल्या लिंपणावर जागोजागी आपला राशीचा ठसा मारला. खळ्यावर धान्याची रास पडली की तिच्यावर असे ठसे मारायचे. कुणी मूठभर धान्य जरी उपसलं तरी ठसा मोडतो आणि चोरी कळते. उकंडरावांच्या ठशावर नांगर कोरलेला होता. तो त्यांच्या आज्यापासूनचा.

हरिचंद हे सगळं बघत उभा होता. तो म्हणाला, "मालक, हिला कोंडू नका. हिला हवा लागती. अन दर पंधरा दिवसाला पानी पाजावं लागतं."

"पानी पाजायला ती काय म्हैस हाय?"

"आतलं पानी आटतं, मालक. उन्हाळा हाय."

"ज्वारी ऱ्हाती वर्षभर पेवात. तिला लागती का हवा?"

"ही ज्वारी न्हाई."

उकंडरावांनी चावी करगोट्याला अडकवली. पुढच्या दोन महिन्यांत हरिचंदनं तीनदा पेटीची चावी मागितली. तीनही वेळा उकंडरावांनी ती दिली नाही आणि तीनही वेळा मनात गाठ मारून ठेवली, की हा चावी मागतो आहे.

वैशाख लागला आणि विजेनं रंग बदलला. इंजन चालू असेपर्यंत दिवे असे भगभगायचे की दोन दिवे फटाफट फुटले. इंजन बंद झालं की घटकाभरात तेच दिवे निखाऱ्यासारखे लाल व्हायचे, आणि रेडिओ गळा धरल्यासारखा घुरघुरून बसायचा. एवढा साठा भरतो आणि घटकेत रिकामा होतो, म्हणजे कुणीतरी पितो आहे. ठसा शाबूत, कुलूप शाबूत. तरी पितो आहे. म्हणजे चोर साधासुधा नाही. उकंडराव रोज सकाळी उठून आधी ठसा बघत, आणि तो शाबूत दिसला की त्यांना जास्तच भीती वाटे.

सोमवारी पोलीस ठाण्याचे अमीनसाहेब, म्हणजे निजामाचे फौजदार, घोड्यावरून फिरतीवर आले आणि मुक्कामाला थांबले. जेवणं झाल्यावर बातम्या ऐकायला ओसरीवर बसले. रेडिओ घुरघुरला आणि गप्प झाला. अमीनसाहेबांनी सुपारी कातरता कातरता विचारलं, "उकंडराव, आपकी बॅटरी जाती कहाँ है?"

"तेच तर समजून न्हाई राहिलं, साब."

"सरहद के उस पार तो नहीं जाती?"

उकंडरावांच्या तोंडचं पाणी पळालं. ते "न्हाई, न्हाई" एवढंच म्हणू शकले. अमीनसाहेब शांतपणे म्हणाले, "जुम्मे के दिन दोपहर को फिर आता हूँ. बिजली का चोर दिखाओ. नहीं तो तुम्हारा वो मिस्त्री मेरे साथ चलेगा."

त्या साली ठाण्यावर गेलेला माणूस कधी परत येईल हे कुणाला सांगता येत नसे, आणि परत आला तर कसा येईल हेही. अमीन आपल्याला नव्हे, मिस्त्रीला नेणार, हे कळल्यावर उकंडरावांना पहिल्यांदा हायसं वाटलं. मग आपल्याला हायसं वाटलं याची लाज वाटली. आणि मग लगेच शंका आली, की ठाण्यावर दोन फटके बसले आणि हरिचंदनं आपलंच नाव घेतलं तर? छे, छे. चोरी आपल्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय काही खरं नाही.

मंगळवारी सकाळी हरिचंद सायकलवरून आला आणि इंजन सुरू करायला आत गेला. त्याच्या सायकलला कापडात गुंडाळलेलं काहीतरी टांगलेलं होतं. उकंडरावांनी इकडे तिकडे बघून गाठ सोडली. आत दोन काचेच्या बाटल्या, बुचं घट्ट लावलेल्या, आत पाण्यासारखं काहीतरी. तांड्यात भट्टी लावली वाटतं, असं म्हणत त्यांनी बूच काढून वास घेतला. वास नाही. मग बोट बुडवून जिभेला लावलं. चव नाही. विहिरीच्या पाण्यालासुद्धा काहीतरी चव असते. याला तेवढीही नव्हती!

आता दारू असती तर उकंडराव निश्चिंत झाले असते. बाटलीत निव्वळ पाणी घालून, कापडात गुंडाळून, कोसभर कोण आणतो? गावात विहिरी आटल्या होत्या का? त्यांनी दोन्ही बाटल्या उचलल्या आणि हरिचंदला तिथंच हाक मारली.

"हे काय हाय?"

"पानी, मालक. बॅटरीचं."

"आमच्या हिरीत पानी न्हाई का?"

"हिरीच्या पान्यात खार असतो. तो बॅटरीला चालत न्हाई. मिराबाईनं हंड्यात पानी उकळलं, वर ताट उपडं घातलं, अन ताटाखाली जमलेली वाफ थेंब थेंब गोळा केली. आठ दिस लागले तिला." मिराबाई म्हणजे त्याची बायको.

बायको आठ दिवस वाफ गोळा करत बसली, हे ऐकून उकंडराव थक्क झाले. थाप मारायची तर माणूस जरा बरी मारतो. त्यांनी बाटल्या कपाटात ठेवून कुलूप लावलं, अमीनसाहेबांना दाखवायला.

नर्मदाबाई चुलीपाशी बसून हे ऐकत होती. ती म्हणाली, "भातावरचं झाकन काढलं की त्याखाली पानी असतंच की. त्यात खोटं काय हाय?"

"तू गप बैस."

"बसते. पन तो मानूस खोटं बोलत असता तर एवढं साधं बोलला नसता."

बुधवारी उकंडरावांनी हरिचंदला समोर उभं केलं आणि अमीनसाहेबांचा निरोप जसाच्या तसा सांगितला. "शुक्रवारपर्यंत खोट दाखव. न्हाई तर तुला जावं लागंल."

हरिचंदनं पाना हातात घेतला. मग म्हणाला, "एकेक करून सगळं दाखवतो. तुमी जवळ उभे ऱ्हा."

उकंडराव उभे राहिले ते अगदी त्याच्या मानेवर श्वास लागेल इतके जवळ. डोळ्यांत तेल घालून बघत होते. हरिचंदनं आधी डायनामोचा पट्टा अंगठ्यानं दाबून पाहिला. पट्टा ढिला होता आणि पिठानं गुळगुळीत झाला होता. त्यानं तो पुसला, ताणून घेतला. इंजन सुरू केलं. भिंतीवरच्या फळीवर एक काटा होता. बॅटरीत वीज जायला लागली की तो उजवीकडं झुकायचा. काटा जेमतेम हलला.

"पट्टा बराबर झाला. खोट पट्ट्यात न्हाई."

इंजन थांबवून त्यानं डायनामो उघडला. आत कोळशाचे दोन लहान तुकडे तांब्याच्या गोलावर टेकून असतात. ते झिजले की वीज निघत नाही. तुकडे चांगले लांब होते. तांब्यावर पिठाची काजळी चढली होती, ती त्यानं धोतराच्या फडक्यानं पुसली. पुन्हा इंजन. काटा तिथंच.

मग त्यानं फळीवरची लोखंडी डबी उघडून दाखवली. "हा कटाऊट. इंजन चालू झालं की चिकटतो, वाट मोकळी करतो. बंद झालं की सुटतो, म्हंजे भरलेली वीज उलटी डायनामोत जाऊ नये." त्यानं इंजन दोनदा चालू-बंद करून दाखवलं. डबीतली पट्टी टक् करून चिकटली आणि टक् करून सुटली. उकंडरावांनी तिसऱ्यांदा करायला लावलं. तिसऱ्यांदाही ती टक् करून सुटली.

गुरुवारी तारा झाल्या. डायनामोपासून पेटीपर्यंत हात फिरवत, प्रत्येक जोड खरवडत, हरिचंद त्या अंधाऱ्या कोपऱ्यात पोचला आणि पेटीपुढं उकिडवा बसला. लिंपण वाळून दगड झालं होतं. नांगराचा ठसा स्पष्ट दिसत होता.

"डायनामो देऊन राहिला, मालक. पेटी घेऊन न्हाई राहिली. घेनारा घेत न्हाई म्हनून सगळा जोर दिव्यावर जातो अन दिवे फुटत्यात. आता ही उघडली पायजे."

उकंडरावांच्या डोक्यात भलतंच चक्र फिरलं. सगळं बाहेरचं बराबर, खोट तेवढी कुलपाच्या आत. कुलपाची चावी कुणाकडं? आपल्याकडं. म्हणजे हा गडी सरळ सरळ आपल्यावरच आळ घेतो आहे! उद्या अमीनसाहेबांसमोर हेच बोलला तर?

"उघडतो," ते दातओठ खात म्हणाले. "उद्या. साक्षीदार ठेवून."

शुक्रवार उजाडला. दळणाची गर्दी होती, म्हणून इंजन पहाटेपासून धडधडत होतं. ऊन तापायला लागल्यावर उकंडरावांनी गिऱ्हाईकं बाहेर काढली आणि इंजन बंद करायला लावलं. सोनाजीला आणि नर्मदाबाईला साक्षीदार म्हणून उभं केलं. पुरावा म्हणून कपाटातल्या दोन बाटल्या आणून पिठाच्या डब्यावर मांडल्या. हातात पेटवलेला कंदील होता. त्या कोपऱ्यात भर दुपारीही हात दिसत नसे.

कंदील बघून हरिचंदचा चेहराच उतरला.

"मालक, दिवा नका आनू. पेटीत सकाळधरून थोडी थोडी वीज जाऊन राहिली, अन ती दोन महिने कोंडलेली हाय. आत वाफारा असंल. झाकन काढू अन दुपार टळेपर्यंत तशीच ऱ्हाऊ देऊ. मग बघा काय बघायचं ते."

दुपार टळेपर्यंत! म्हणजे अमीनसाहेब येऊन जाईपर्यंत! आणि उजेड नको! उकंडरावांची आता पुरती खात्री पटली. आत असं काहीतरी आहे, जे याला कुणाला दिसू द्यायचं नाही.

"आत वाईट हवा हाय म्हनतोस ना? मग तर कंदील पायजेच."

हे मात्र ते संशयानं बोलले नव्हते. वीस वर्षांपूर्वी त्यांचा धाकटा भाऊ रामकिशन ज्वारी काढायला पेवात उतरला होता. पेव उघडलं की आधी दोरीला बांधून कंदील खाली सोडायचा. कंदील जळत राहिला तर माणसानं उतरायचं, विझला तर हवा वाईट. त्या दिवशी घाईत कंदील सोडला नाही. रामकिशनला वर काढलं तेव्हा तो गेलेला होता, आणि त्याच्या मुठीत ज्वारी होती. तेव्हापासून उकंडराव बंद कोठीचं दारसुद्धा कंदिलाशिवाय उघडत नसत. सगळ्या जगात एका कंदिलावर तेवढा त्यांचा विश्वास होता.

"ही तशी हवा न्हाई, मालक," हरिचंद कळवळून म्हणाला. "ही दिवा इझवत न्हाई. ही दिव्यानं पेटती."

"हवा पेटती?" उकंडराव हसले. "सोनाजी, ऐकलंस का? आता हवा पेटाया लागली!"

सोनाजीनं विळ्यानं लिंपण तोडलं. ढेकळं खाली पडली. उकंडरावांनी प्रत्येक ढेकूळ उलटंपालटं करून बघितलं. एकही ठसा मोडलेला नव्हता, कुठंही दुसरं लिंपण नव्हतं. कुणी पेटीला हात लावलेला नव्हता. पण संशय म्हणजे अंगातला ताप. घाम आला म्हणून लगेच उतरत नाही. त्यांनी कुलूप काढलं. सोनाजीनं झाकण चार बोटं उचललं आणि उकंडरावांनी कंदील त्या फटीशी नेला.

"मालक!" हरिचंदनं त्यांचा दंड धरून मागं ओढलं, आणि त्याच क्षणी धडाड् करून आवाज झाला.

झाकण उडून पत्र्यावर आदळलं. कंदिलाची काच फुटली. सोनाजी दारापर्यंत जाऊन पडला आणि तिथूनच "मेलो, मेलो" म्हणून ओरडायला लागला. त्याला खरचटलंसुद्धा नव्हतं. एक बॅटरी चिरली होती आणि तिच्यातलं उरलंसुरलं तेजाब उकंडरावांच्या तोंडावर उडालं होतं. ते गुडघ्यावर बसले होते आणि दोन्ही हात डोळ्यांवर दाबून धरले होते. डोळ्यांत कुणी निखारे कोंबावे तशी आग होत होती.

"हात काढा, मालक! हात काढा!"

कुणीतरी त्यांची मान मागं केली, जबरदस्तीनं हात बाजूला केले. डोळ्यांवर गार धार पडली. उकंडरावांनी आंधळ्यासारखं चाचपडत तो हात पकडला आणि मनगट घट्ट आवळलं.

"काय टाकून राहिलास? काय टाकून राहिलास माझ्या डोळ्यात?"

"पानी, मालक," हरिचंद म्हणाला. "तेच पानी."

उकंडरावांची पकड सैल झाली. एक बाटली संपली, दुसरी संपली. इंजन गार करायच्या हौदातलं पाणी कढत आणि तेलकट होतं, म्हणून नर्मदाबाई घरातून घागरी आणत राहिली आणि हरिचंद ओतत राहिला. मधे फक्त एकदा त्याचा आवाज आला. तो नर्मदाबाईला सांगत होता की डावा डोळा वाचला, उजव्याचं सांगता येत नाही.

अमीनसाहेबांनी आवाज वेशीपाशीच ऐकला. घोडा दौडवतच ते आले, मागून दोन शिपाई. फाटलेला पत्रा, चिरफळ्या झालेली पेटी, आणि ओसरीवर डोळ्यांना ओलं फडकं बांधून पडलेले उकंडराव हे सगळं त्यांनी एका नजरेत पाहिलं.

"बम," ते म्हणाले. "मिस्त्री कहाँ है?"

उकंडरावांना काही दिसत नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं. शिपायांचे बूट. हात बांधायचा दोर सोडल्याचा आवाज. नर्मदाबाई "आवं, आवं साहेब" म्हणते आहे, तिला कुणीतरी बाजूला व्हायला सांगतं आहे. हरिचंदचा आवाज मात्र कुठंच नाही.

अमीनसाहेब खाटेशी वाकले. "उकंडराव, इसने आपको मारने की कोशिश की? बस सर हिलाओ, बोलने की जरूरत नहीं."

नुसती मान हलवायची होती. मान हलवली की उकंडराव शहाणे ठरत होते, पहिल्यापासून ओळखून होते असे ठरत होते. नाही हलवली तर सारं गाव हसणार, की पाटलाच्या बरोबरीनं बसणाऱ्या माणसानं शेणमातीनं बॅटरी लिंपली आणि तिच्यात कंदील घातला. आणि तेवढ्यात त्यांच्या मनात जुनाच किडा वळवळला: यानंच आत काही ठेवलं नसेल कशावरून?

पण दंडावर अजून पाच बोटं दुखत होती. मारणारा माणूस मागं ओढत नाही. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, पाहायला डोळेही नव्हते. पण वीस वर्षांत पहिल्यांदा एखादी गोष्ट त्यांना तपासून न बघता पटली.

"सोनाजी," ते म्हणाले, "लिंपनाचं एक ढेकूळ आन."

ढेकूळ हातात आलं. उकंडरावांनी अंगठ्यानं चाचपून नांगर शोधला आणि तो अमीनसाहेबांच्या आवाजाच्या दिशेनं पुढं केला.

"साब, हा ठसा माझा. पेटी मी लिंपली. चावी माझ्याजवळ व्हती. कंदील माझ्या हातात व्हता, अन हा मानूस नको नको म्हनून राहिला व्हता. दोन महिने तिला पानी पाजू द्या म्हनत व्हता, मी पाजू दिलं न्हाई. वीज कुनी चोरली न्हाई. माझी पेटी कोरडी पडली व्हती."

मग अमीनसाहेबांनी हरिचंदचे दोर सोडायला लावले आणि त्याला चिरलेली बॅटरी उजेडात आणायला सांगितली. आतल्या पट्ट्या वाळून पांढऱ्या पडल्या होत्या, उन्हाळ्यातल्या तळ्याच्या तळासारख्या. अमीनसाहेबांनी एकदा त्या पट्ट्यांकडं आणि एकदा शेणाच्या ढेकळाकडं पाहिलं, आणि त्यांना जे हसू आलं ते घोड्यावर बसेपर्यंत आवरेना. शिपाईही हसले. सोनाजीही हसला, आणि संध्याकाळपर्यंत गाव हसलं.

हसणं लांब गेल्यावर उकंडरावांनी करगोट्याला हात घातला. न बघता पेटीची चावी सोडवली आणि पुढं धरली.

"हरिचंद, ही घे. आता तुझ्याकडंच ऱ्हाऊ दे."

"पेटी कुठं राहिली, मालक?" हरिचंद म्हणाला. त्याच्या मनगटाला दोराचे वळ होते. तो ते चोळत होता हे नर्मदाबाईनं नंतर सांगितलं. त्यानं दोन रिकाम्या बाटल्या कापडात गुंडाळल्या, सायकल घेतली आणि गेला.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. गिरणी बंद, दिवे बंद. लोक दळण घेऊन शेजारच्या गावाला जायला लागले. उकंडराव ओसरीवर पडून असत. डाव्या डोळ्यानं दिसायला लागलं होतं, उजव्यापुढं धुकं होतं. वैद्यानं सांगितलं होतं की डोळा दिवसातून चारदा स्वच्छ पाण्यानं धुवायचा. पण विहिरीचं पाणी घातलं की खारानं असं झोंबायचं की उकंडराव खाट धरून बसत. निरोप पाठवावा असं त्यांच्या कितीदा मनात आलं. पण कोणत्या तोंडानं पाठवणार?

चौथ्या दिवशी सोनाजी तांड्याच्या वाटेनं आला. त्याच्या हातात कापडात गुंडाळलेली एक बाटली होती.

"मिराबाईनं दिली. मालकाच्या डोळ्यासाठी म्हनली. आखीन चार दिसांनी दुसरी देते म्हनली."

"अन हरिचंद?"

"तो काय बोलला न्हाई. पन हंड्याखाली जाळ तोच घालत बसला व्हता."

नर्मदाबाईनं बाटलीचं बूच काढलं. उकंडरावांचा हात सवयीनं पुढं आला, बाटली नाकाशी न्यायला. नर्मदाबाईनं ती तशीच धरून ठेवली. दिली नाही, मागंही घेतली नाही. ती म्हणाली, "वास घेता का आधी?"

हात हवेतच थांबला. उकंडरावांनी तो मागं घेतला.

"न्हाई," ते म्हणाले. मग त्यांनी डोकं उशीवर मागं टेकवलं आणि आपल्याच दोन बोटांनी उजवा डोळा उघडून धरला. पाणी गार होतं आणि झोंबत नव्हतं.